२९-०-० : एका कॉलेज संघाची नोंद
बँकेत हयात गेल्यामुळे आकड्यांचा तक्ता दिसला की आम्ही तो ओळीओळीने वाचतो. अमेरिकेतील कॉलेज संघांच्या हंगामवार तक्त्यात विजय, पराजय आणि बरोबरी असे तीन आकडे असतात. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या पुरुष आइस हॉकी संघापुढे १९६९-७० या हंगामात २९-०-० अशी नोंद आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या श्रेणीत इतका निर्विवाद विजेता दुसरा नाही.

मात्र ही ओळ एकटी वाचू नये. १९६७ मध्ये प्रशिक्षक नेड हार्कनेस यांच्या संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा गोलरक्षक होता केन ड्रायडन. १९६९ चा अंतिम सामना डेन्व्हरने ४-३ असा जिंकला आणि ड्रायडन शिक्षण संपवून गेला. आता संघ घसरणार, असेच कोणालाही वाटले असते. झाले उलटे. पुढच्याच हंगामात एकही सामना न गमावता संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि क्लार्कसनला ६-४ असे हरवले. शेवटच्या सत्रात डॅन लोडबोआने तीन गोल केले.

त्यानंतर हार्कनेस व्यावसायिक संघाकडे गेले. कॉर्नेलला राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा मिळालेले नाही. कॉलेजचे खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातात. शिल्लक पुढे ओढता येत नाही. दर हंगामाला खाते नव्याने उघडावे लागते.