लहान मुलांना समाज कसा शिकवायचा? : बीडमधील एका भावी शिक्षकाचे विचार

प्राथमिक शाळेत ‘सामाजिक शास्त्र’ या नावाचा विषय नसतो. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीपर्यंत त्याला परिसर अभ्यास म्हणतात. तिसरीचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे निघत आले आहे, बीडच्या मुलाला बीड जिल्ह्याचे. चौथीत शिवछत्रपती येतात. सहावीपासून इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल सुटे होतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पुस्तके आता बदलू लागली आहेत, पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो राहतो तो समाज कसा समजावून द्यायचा, हा प्रश्न पुस्तक बदलून सुटणारा नाही.

मी डी.एल.एड. करतो आहे. टीईटी, टेट, पवित्र पोर्टल हे सगळे पार पडले तर बीड जिल्ह्यातल्याच एखाद्या जिल्हा परिषद शाळेत उभा राहीन. त्या वर्गात कोण बसलेले असेल, हे मला आजच ठाऊक आहे. काही मुले दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणारी असतील. काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजीजवळ गावातच राहिलेली असतील. काही बौद्ध वस्तीतून, काही मांगवाड्यातून, काही तांड्यावरून, काही वाड्यातून येणारी असतील. ‘आपला गाव’ हा धडा या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच पुस्तकातून शिकवायचा आहे.

आणि पुस्तकातला गाव कसा असतो? एक मंदिर, एक शाळा, एक ग्रामपंचायत, एक दवाखाना, हिरवी शेते आणि मिळूनमिसळून राहणारे लोक. चित्र चांगले आहे. पण त्यात वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे हे दिसत नाही आणि गावातली निम्मी घरे सहा महिने कुलूपबंद का असतात हेही दिसत नाही. मुलाला दोन्ही गोष्टी माहीत असतात. मग त्याला वाटते की पुस्तकात लिहितात तो खरा गाव, आणि आपला गाव म्हणजे काहीतरी कमी पडलेली जागा. परिसर अभ्यासाचे खरे नुकसान इथे होते, मुलाने एखादे उत्तर चुकवले तिथे नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही मागणी होती, हे आपण भाषणात सांगतो. त्याच निवेदनात मुलांना काय शिकवावे याचाही विचार आहे. मोडी-बालबोध आणि हिशेबाबरोबर इतिहास-भूगोल असावा, शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे ते म्हणतात. शिक्षक शक्यतो शेतकरी-कष्टकरी समाजातले असावेत, असाही त्यांचा आग्रह होता. मुलाच्या घरचे कष्ट आणि शाळेतले ज्ञान यांच्यात भिंत नको, असा मला त्याचा अर्थ लागतो.

ही भिंत पाडायला भूगोल सगळ्यात सोपा आहे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला आपण ‘मागे पडलेला’ म्हणतो. भाषा-गणितात तो मागे असेलही, आणि शिक्षण हमी कार्डाची सोय असूनही तिकडच्या शाळेत तो किती दिवस बसला हा वेगळा प्रश्न आहे. पण भूगोलात? केज किंवा धारूरचे पोर टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडे, कधी बेळगावकडे जाते. वाटेत भीमा ओलांडते, कृष्णा बघते. तिकडे ऊस का होतो आणि बालाघाटच्या डोंगरात का होत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा उन्हाळ्यात कशी दिसते आणि कृष्णा कशी दिसते, हे त्याला सांगावे लागत नाही. त्यालाच फळ्यापाशी उभे करून वाट काढायला लावावी. मुकादम, उचल, कोयता, कोपी हे त्याचे शब्द फळ्यावर लिहावेत. एका जोडप्याला ‘एक कोयता’ का म्हणतात, हा प्रश्न चौथीचा वर्ग पंधरा मिनिटे चर्चेत ठेवेल. त्यातून अर्थशास्त्र सुरू होते, फक्त ते नाव घ्यायचे नाही.

जात हा यापेक्षा अवघड भाग. इथे शिक्षक दोन टोकांना जातात. एक तर विषयच टाळतात, “लहान आहेत, कशाला त्यांच्या डोक्यात घालायचे?” पण शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी भर वर्गात मोठ्याने जात विचारली जाते तेव्हा ती डोक्यात गेलेलीच असते. दुसरे टोक म्हणजे अस्पृश्यतेचा धडा असा शिकवायचा की सगळा वर्ग मान वळवून एकाच बाकाकडे बघतो. त्या बाकावरच्या मुलाला तो तास संपेपर्यंत कुठे बघावे कळत नाही. दोन्हींपैकी दुसरे मला जास्त घातक वाटते, कारण ते चांगल्या हेतूने होते.

माझ्या मते इथे बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधले बालपणीच्या प्रवासाचे प्रकरण वर्गात गोष्ट म्हणून सांगावे. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले सुट्टीत वडिलांना भेटायला निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कोणी आलेले नसते. जात कळल्यावर गाडीवाले नकार देतात. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ डबा आहे, पण पाणी मिळत नाही म्हणून मुले रात्र उपाशी काढतात. ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलांच्याच वयाच्या मुलाची आहे. वर्गातले प्रत्येक पोर त्या बैलगाडीत बसू शकते, कोणत्याही जातीचे असो. मग विचारावे : गाडीवाल्याने पैसे घेतले, मग शेजारी का बसला नाही? पाणी तर होते, मग मिळाले का नाही? उत्तरे मुलेच देतील. शरम वाटायचीच तर ती कोणाला वाटावी, हेही त्यांचे त्यांना कळेल.

तिथूनच संविधानाकडे जाता येते. प्रास्ताविका पाठ असावीच, पण दहा वर्षांच्या मुलाला ‘सार्वभौम’ शब्द कळत नाही. त्याला कलम १५ कळते, कारण त्यात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावे आहेत. सार्वजनिक पाणवठ्यावर जातीमुळे कोणाला अडवता येणार नाही, हे देशाच्या संविधानात लिहावे लागले. का लिहावे लागले? मसूरची गाडी आणि १९२७ चे महाडचे चवदार तळे एकाच तासात जोडले जातात. पुढचा तास गावात फिरून हातपंप, आड, टाक्या मोजायच्या आणि कोणत्या वस्तीला किती ते नकाशावर मांडायचे. याला कोणी राजकारण म्हणेल, पण मोजणी आहे ही, पाचवीच्या गणितातली.

इतिहासाची अडचण वेगळी. आठ वर्षांच्या मुलाला ‘साडेतीनशे वर्षांपूर्वी’ आणि ‘अडीच हजार वर्षांपूर्वी’ दोन्ही सारखेच, ‘लई जुनं’. म्हणून दोरी घ्यावी. एक वीत म्हणजे दहा वर्षे. मुलाचे स्वतःचे आयुष्य एका वितीतही मावते. आजीला विचारून यायचे : बहात्तरचा दुष्काळ आठवतो का, खडी फोडायला कोण गेले होते? १९७२ ला एक गाठ. नामांतराचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, म्हणजे मधली दीड वीतभर दोरी मराठवाड्याने काय काढले ते मोठी माणसे सांगतील. १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले, या गाठी जवळजवळ येतात. चवदार तळे दहा वितींवर. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ चा, पस्तीस विती, म्हणजे दोरी भिंतीपर्यंत जाते. आणि तथागतांपर्यंत जायचे तर अडीचशे विती लागतात, दोरी दारातून बाहेर मैदानात न्यावी लागते. ती ओढत नेताना मुलांना काळ जेवढा कळतो, तेवढा सनावळ्यांच्या तक्त्याने कळत नाही.

आता आपल्या चळवळीबद्दल. १४ एप्रिलला आपण पाच वर्षांच्या पोराला निळा फेटा बांधून स्टेजवर उभे करतो आणि पाठ केलेले भाषण म्हणायला लावतो. टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतो. पण हे पाठांतर आणि शाळेतले पाठांतर यात फरक काय? कोणी सांगितले, ग्रंथात आहे, परंपरा आहे म्हणून स्वीकारू नका, तपासून घ्या, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी. विहारात रविवारचे वर्ग चालतात तिथे तरी मुलाला प्रश्न विचारू द्यायला हवा, मग तो अडचणीचा असला तरी. “आपण वेगळ्या वस्तीत का राहतो?” हा प्रश्न पोरगं विहारात विचारणार नाही तर कुठे विचारेल?

यात एक सोय आहे. टोळ्या साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि जयंतीची तयारीही तेव्हाच चालू असते. ज्या गावात तरुण मंडळ आहे, तिथे वर्गणीतून खडूचे दोन डबे, सुतळीचा एक गुंडा आणि जिल्ह्याचा एक नकाशा सहज येतो. पहिल्या रविवारी विहाराच्या फरशीवर मुलांनी आपला गाव काढायचा, वस्तीपासून सुरुवात करून. तोडीहून आलेल्यांनी कारखान्यापर्यंतचा रस्ता काढायचा. मोठ्यांनी बाजूला बसायचे आणि मुलांनी विचारल्याशिवाय बोलायचे नाही.