कॅनोपी (विमान)

कॅनोपी म्हणजे लहान विमानाच्या किंवा ग्लायडरच्या चालककक्षावरील पारदर्शक आच्छादन. समोरचा वारा उड्डाणात हे आच्छादन खाली दाबून धरत असावा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते बहुतांशी वर, बाहेरच्या दिशेने ओढले जाते.

बलांचे स्वरूप

कॅनोपीच्या पुढील पायथ्याशी हवा अडते आणि तेथे दाब वाढतो. फुगीर माथ्यावरून जाताना मात्र हवेचा वेग वाढतो व दाब बाहेरील वातावरणापेक्षा कमी होतो. आतील हवेचा दाब तुलनेने अधिक राहिल्याने कॅनोपी वर उचलली जाते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, १.५ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या कॅनोपीवर सरासरी ऋणदाब गतिक दाबाच्या निम्मा मानल्यास, समुद्रसपाटीवर ताशी १८० किमी वेगाला सुमारे १,१५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ११७ किलो वजनाइतके बल मिळते. ताशी २५ किमी वेगाने धावपट्टीकडे जाताना हेच बल जेमतेम सव्वादोन किलो असते. कडी न लावलेली कॅनोपी जमिनीवर स्वतःच्या वजनाने बंद राहते आणि नेमकी उड्डाणाच्या सुमारास उचलली जाते, ती यामुळेच.

विदर्भातील संदर्भ

गोंदियाजवळील बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणासाठी डायमंड डीए-४० विमाने वापरली गेली आहेत. त्यांची पुढील कॅनोपी पुढच्या बिजागरीवर उघडते. वर्धा, नागपूर, गोंदिया या पट्ट्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. पारदर्शक आच्छादनाखाली उकाडा आणखी वाढतो, म्हणून जमिनीवर कॅनोपीला थोडी फट ठेवण्याची सोय या विमानात आहे. उड्डाणापूर्वी ती पूर्ण बंद करून कडी लावावी लागते. उष्ण हवा सुमारे एक-दशांशाने विरळ असते, पण त्यामुळे भार कमी होईल असे मानणे चूक ठरेल. वेगदर्शक गतिक दाबच मोजत असल्याने, दर्शवलेला वेग तोच असेल तर बलही जवळपास तेच राहते.

बिजागरीचे स्थान

पुढे बिजागरी असलेली कॅनोपी उघडली, तरी समोरचा प्रवाह तिला खाली दाबतो. त्यामुळे ती सहसा थोडी उचललेल्या स्थितीत तरंगते. मागे बिजागरी असल्यास वारा थेट आत शिरून ती उखडू शकतो. अनेक ग्लायडरांत बिजागरी बाजूला असते व कॅनोपी एकदम उलटू शकते. अशा वेळी मोठा आवाज आणि शेपटीकडील खळबळीमुळे हादरे जाणवतात. मात्र कॅनोपी पकडण्याच्या धडपडीत विमानावरील नियंत्रण सुटणे हा अधिक मोठा धोका असतो. म्हणून आधी विमान सुरक्षित वेगात ठेवून, शक्य असल्यास उतरल्यावरच ती बंद करण्याचा सल्ला दिला जातो.