तीस फेऱ्या

इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशायर परगण्यात बिनब्रुक नावाचं छोटं गाव आहे. मे १९४३ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत या गावालगतच्या विमानतळावर ऑस्ट्रेलियन हवाई दलाची ४६० क्रमांकाची स्क्वाड्रन मुक्कामाला होती. तिच्याकडे लँकेस्टर ही चार इंजिनांची अवजड बॉम्बफेकी विमानं होती. बिनब्रुकला येण्याआधीचा काळ धरून, लढाईच्या सुमारे तीन वर्षांत या स्क्वाड्रनची १,०१८ माणसं मारली गेली, त्यांतली ५८९ ऑस्ट्रेलियन. एका वेळी तिथे उडणारी माणसं दोनशेच्या आतबाहेर असत. म्हणजे ही स्क्वाड्रन पाच वेळा संपली आणि पाच वेळा पुन्हा भरली गेली.

खंदकातला शिपाई लढाईतच राहतो. बिनब्रुकच्या मुलांचं तसं नव्हतं. ती गादीवर झोपायची, सायकलवरून गावच्या पबमध्ये जायची, संध्याकाळी नाचायची, आणि दुसऱ्या रात्री बर्लिनवर असायची. आज वीस हजार फुटांवर पेटलेलं आकाश आणि उद्या दुपारी शेताच्या बांधावर ऊन खात पडणं, हे दोन्ही एकाच जिवाने रोज सोसायचं. या लढाईचं सगळ्यात क्रूर अंग मला हेच वाटतं.

सकाळी दहा-अकराच्या सुमाराला कळायचं, आज रात्री मोहीम आहे की नाही. असली तर विमानतळाचे बाहेर जाणारे फोन बंद होत. कुठे जायचं ते मात्र संध्याकाळपर्यंत गुप्त. तरी मुलांना अंदाज यायचा, कारण जमिनीवरच्या कामगारांना पेट्रोलचा आकडा ठाऊक असे. टाक्या काठोकाठ, म्हणजे २,१५४ गॅलन भरायला सांगितलं, की लांबचा पल्ला. पेट्रोल कमी आणि बॉम्ब जास्त असले, तर ऱ्हाइनकाठची कारखान्यांची शहरं. दुपारभर दारूगोळ्याच्या कोठारातून ट्रॅक्टरमागे लांबलचक गाड्यांची रांग यायची: चार हजार पौंडांचा एक भला मोठा बॉम्ब आणि त्याच्याभोवती आग लावणाऱ्या छोट्या बॉम्बच्या पेट्या. मोठ्याने छपरं उडवायची, छोट्यांनी उघड्या घरांत आग लावायची, असं ते गणित होतं. हे सगळं उघड्यावर, बर्फात, बोटं बधिर होईपर्यंत चालायचं. विमान रात्री उडालं की ते परत येईपर्यंत त्याचे मेकॅनिक जागे असत. युद्धाच्या इतिहासात या माणसांना अगदीच थोडी जागा मिळाली आहे.

संध्याकाळी सगळ्यांना एका खोलीत बसवून भिंतीवरचा पडदा सरकवत. नकाशावरची लाल फीत जर्मनीत किती खोलवर गेली आहे, ते एका दृष्टिक्षेपात कळायचं. मग जेवण. इंग्लंडमधल्या सामान्य माणसाला रेशनवर आठवड्याला साधारण एक अंडं मिळत असताना या मुलांच्या ताटात अंडी आणि बेकन असे. त्यानंतर खिसे रिकामे करायचे आणि पॅराशूट घ्यायचं. पॅराशूट घड्या घालून देणाऱ्या, ट्रकमधून विमानापर्यंत सोडणाऱ्या, कंट्रोल टॉवरमधून परतणाऱ्या विमानांशी बोलणाऱ्या बहुतेक महिला दलातल्या तरुणी होत्या. कोण परत आलं नाही, हे सर्वांत आधी त्यांना कळायचं.

विमानात सात जण. पायलट, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि एक गनर अशा पाच जणांची टोळी प्रशिक्षण केंद्रात जमायची, तीही हुकमाने नव्हे. सगळ्यांना एका हँगरमध्ये सोडत आणि आपापले सोबती निवडा म्हणून सांगत. पुढे लँकेस्टरवर जाताना फ्लाइट इंजिनिअर आणि दुसरा गनर येऊन मिळायचा. बहुतेकांचं वय विशी-बाविशीचं. शेपटीतला गनर सगळ्यांपासून दूर, काचेच्या पिंजऱ्यात सात-आठ तास एकटा. बाहेर शून्याखाली चाळीस अंश. विजेवर तापणारा सूट बिघडला तर हिमदंश ठरलेला. काचेवरचा ठिपका धुळीचा की शत्रूच्या विमानाचा, हे कळेना म्हणून कित्येक जण समोरची काचच काढून टाकत.

लक्ष्यावरची काही मिनिटं सर्वांत कठीण. सर्चलाइट आणि तोफांच्या माऱ्यात विमान सरळ रेषेत धरायचं. बॉम्ब सुटल्यावरही सुमारे अर्धं मिनिट तसंच राहायचं, कारण बॉम्ब कुठे पडले त्याचा फोटो आणायचा असे.

अशा तीस फेऱ्या पूर्ण झाल्या की काही महिन्यांची सुटका. दर फेरीला शंभरातली चार विमानं पडली, तर तीस फेऱ्यांनंतर शंभरातली २९ उरतात. पाच पडली तर २१. १९४३-४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवरच्या मोहिमांत परिस्थिती याच्याच आसपास होती. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री एकट्या बिनब्रुकची पाच विमानं परतली नाहीत. त्यांत दोन पाहुणेही गेले: सिडनीचा पत्रकार नॉर्मन स्टॉकटन आणि नॉर्वेचा कवी नुरदाल ग्रीग. मन मोडून उडायला नकार देणाऱ्याच्या कागदांवर ‘धैर्याचा अभाव’ असा शेरा मारून त्याची रवानगी होई. वीस-पंचवीस वेळा मृत्यूच्या दारात जाऊन आलेल्या मुलाला भित्रा ठरवणं हा माझ्या मते निव्वळ अन्याय होता.

पुढे नामांकित शास्त्रज्ञ झालेला फ्रीमन डायसन तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, म्हणजे बॉम्बर कमांडच्या, संशोधन विभागात आकडेमोड करत होता. जुनी, अनुभवी टोळी वाचते आणि नवखी मरते, असा सगळ्यांचा विश्वास होता. डायसनला आकड्यांत तसं काही सापडलं नाही. सापडलं ते निराळंच. दिवसा उडणाऱ्या अमेरिकन विमानांपैकी एखादं पडलं तर त्यातली निम्मी माणसं जिवंत राहत, हॅलिफॅक्स विमानातली चतुर्थांश, आणि लँकेस्टरमधली शेकडा पंधरा. लँकेस्टरचं पुढचं सुटकेचं दार हॅलिफॅक्सपेक्षा दोन-अडीच इंच अरुंद होतं. जाड कपडे आणि पॅराशूट घालून अंधारात गिरक्या घेणाऱ्या विमानाच्या त्या दारातून निघायचं! ते दार रुंद करायला मंजुरी मिळेस्तोवर युद्ध जवळपास संपलं.

खाली मात्र शहरं होती. १९४१ मध्ये खुद्द ब्रिटिशांच्या पाहणीत निघालं होतं, की लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगणाऱ्या तीन विमानांपैकी एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचतं. नेमका कारखाना सापडत नाही, म्हणून फेब्रुवारी १९४२ पासून कामगारांच्या वस्त्यांसकट शहरंच लक्ष्य ठरली. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गला लागलेल्या आगीच्या वावटळीत तीस हजारांहून कितीतरी जास्त माणसं गेली. या मुलांचं धाडस आणि त्या तळघरांतल्या बायकामुलांचं मरण, दोन्ही एकाच रात्रीची आहेत. एकाची गोष्ट सांगताना दुसरी वगळली की दोन्ही खोट्या होतात.

४६० स्क्वाड्रनचं ‘जी फॉर जॉर्ज’ हे विमान नव्वद मोहिमा करून आलं, आणि त्यातून गेलेला प्रत्येक जण जिवंत परतला. ते आज कॅनबेराच्या युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. बॉम्बर कमांडमध्ये उडालेल्या सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ मारले गेले. त्यांचं लंडनमधलं स्मारक उभं राहायला २०१२ साल उजाडलं. १९३९ ते १९४५ मधल्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या माणसांचीही आठवण त्यावर कोरलेली आहे.