लस बनली म्हणजे पोहोचली असं नव्हे

‘जागतिक आरोग्य सुरक्षा’ हे शब्द कानावर पडले की औशातल्या माणसाला वाटतं, हा दिल्ली-जिनिव्हाच्या सभागृहांतला विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? महासाथ आणि लशींबद्दलच्या गैरसमजांत हा सगळ्यांत मोठा. तो खोडून काढायला लांब जावं लागत नाही, आपल्याच तालुक्यातल्या किल्लारीपासून सुरुवात करता येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप इथल्या कुणाला सांगायला नको. त्याचे हादरे शेजारच्या बीड जिल्ह्यालाही बसले. तिथेही लोकांनी भीतीनं दगड-मातीची घरं सोडली आणि धान्य मात्र आत तसंच राहिलं. रिकाम्या घरांत उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून पिसवांचा त्रास होतोय, उंदीर मरून पडताहेत अशा तक्रारी आल्या आणि पाठोपाठ गाठीचा प्लेग दिसला. भूकंपानंतरचं उंदरांचं वाढलेलं प्रमाण हे त्याचं कारण तज्ज्ञांनी पुढे मांडलं. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून पळाले. आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली, आपला माल अडवला गेला. त्या साथीत मृत्यू साठच्या आत होते, पण देशाचं नुकसान सुमारे १७० कोटी डॉलरचं झालं असा अंदाज नंतर मांडला गेला.

त्या वेळचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १९६९ चे होते. त्यांत कॉलरा, प्लेग आणि पिवळा ताप या तीनच आजारांची सक्तीची नोंद होती, आणि साथ कळवणाऱ्या देशाला संरक्षण जवळपास नव्हतं. सुरतेच्या प्लेगनंतर आणि आफ्रिकेतल्या इबोलानंतर, १९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं हे नियम बदलायचं ठरवलं. नवे नियम २००५ मध्ये मंजूर झाले आणि जून २००७ पासून लागू झाले. आज जग ज्या नियमांनी साथीची खबर देतं-घेतं, त्यांच्यामागे मराठवाड्यातल्या एका खेड्यातली उंदीरपडही आहे.

नियम बदलले तरी वागणूक बदलली का? नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखला आणि प्रामाणिकपणे जगाला कळवला. काही दिवसांतच श्रीमंत देशांनी त्यांचीच विमानं बंद केली. खरं बोलणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचा माणूस लपवतो. हे गावपातळीवरही तितकंच खरं आहे. २०२० मध्ये ज्या घरावर ‘कोरोना रुग्ण’ असा फलक लागला आणि ज्यांचं दूध गल्लीनं घेणं बंद केलं, त्यांच्या शेजाऱ्यानं ताप आला तरी तपासणी टाळली.

‘लस पुण्यात बनते, बाहेर पाठवली म्हणून आपल्याला कमी पडली’

मे २०२१ मध्ये हे वाक्य चहाच्या टपरीपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे होतं. राग समजण्यासारखा होता. १ मेपासून अठरा वर्षांवरील सगळ्यांना लस जाहीर झाली आणि पंधरवड्याच्या आत राज्याला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं, कारण पंचेचाळीसवरच्यांच्या दुसऱ्या डोसालाच साठा पुरत नव्हता.

पण हिशेब मांडून पाहा. जानेवारी २०२१ पासून निर्यात थांबेपर्यंत भारतानं भेट, विक्री आणि कोव्हॅक्स ही जागतिक वाटप योजना मिळून सुमारे ६.६ कोटी डोस बाहेर पाठवले. त्यातले भेट म्हणून दिलेले जेमतेम एक कोटी. देशात मात्र एकट्या एप्रिल महिन्यात सुमारे ९ कोटी डोस टोचले गेले. प्रौढांची संख्या ९४ कोटींच्या आसपास, म्हणजे गरज १८८ कोटी डोसांची. बाहेर गेलेली सगळी लस परत आणली असती, तरी देशाची महिन्याभराची भूकसुद्धा भागली नसती. खरी कमतरता आधीच्या नियोजनात होती. जानेवारीत केंद्रानं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलेली कोव्हिशिल्डची पहिली मागणी होती १.१ कोटी डोसांची. अमेरिका आणि ब्रिटननं लस तयार व्हायच्या आधीच, २०२० मध्ये, कोट्यवधी डोस पैसे मोजून राखून ठेवले होते. आपल्या दारात कारखाना असूनही आपण रांगेत उशिरा उभे राहिलो.

निर्यात थांबवल्याची किंमत कुणी मोजली, तेही सांगायला हवं. कोव्हॅक्सची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ ला घानाला उतरली, ती पुण्याच्याच लशीची होती, ६ लाख डोस. मार्चअखेर भारतानं निर्यात रोखली आणि नोव्हेंबरपर्यंत कोव्हॅक्सला इथून पुरवठा झाला नाही. आफ्रिकेतले अनेक आरोग्य कर्मचारी पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहत राहिले. २०२१ संपताना त्या खंडात दहांतल्या एकाचेही दोन डोस पूर्ण नव्हते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खाटा आणि ऑक्सिजन मिळत नसताना लस बाहेर पाठवा, असं कोणतंही सरकार म्हणू शकलं नसतं, आणि मी त्याला दोष देत नाही. दोष आहे तो अख्ख्या गरीब जगाची लस एका कारखान्यावर सोपवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा.

मग पेटंट उठवलं की प्रश्न सुटतो, असाही एक समज आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं जागतिक व्यापार संघटनेत ती मागणी केली, आणि योग्यच केली. जून २०२२ मध्ये जे हाती आलं ते फार तोकडं आणि फार उशिराचं होतं. पण परवानगी मिळाल्यावरही काय होतं, हे परळच्या हाफकिननं दाखवलं. १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली, त्यांच्या नावाची ही संस्था. एप्रिल २०२१ मध्ये हाफकिन बायोफार्माला कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी मिळाली, वर्षाला २२.८ कोटी डोसांचं उद्दिष्ट ठरलं. महासाथ ओसरली तरी तिथून कोरोनाची लस बाहेर आली नाही. जिवंत विषाणू हाताळणारी सुरक्षित इमारत, यंत्रं आणि शिकलेली माणसं संकट आल्यावर उभी राहत नाहीत. ती शांततेच्या काळात सांभाळावी लागतात, आणि नेमक्या त्याच काळात सार्वजनिक लसनिर्मितीकडे दुर्लक्ष झालं.

‘सगळ्यांसाठी खुली केली, म्हणजे समान वाटप झालं’

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान या समजानं केलं. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या माणसाला कोविन पोर्टलवर आधी नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. वेळा खुल्या व्हायच्या आणि मिनिटभरात संपायच्या. राज्याच्या अनेक भागांत शहरातले लोक गाडी करून खेड्यातल्या केंद्रांवर डोस घेऊन गेले, आणि त्याच गावातली माणसं पाहत राहिली. कारण त्यांच्या मोबाइलला रेंज नव्हती, किंवा घरात एकच मोबाइल आणि तो पोराच्या हातात. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं या डिजिटल दरीवर आणि लशीच्या वेगवेगळ्या किमतींवर केंद्राला जाब विचारला. कोव्हिशिल्डचा एक डोस केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० ला आणि खासगी रुग्णालयांना ६०० ला, अशी ती रचना होती. २१ जूनपासून धोरण बदललं आणि ७५ टक्के लस केंद्रानं घेऊन राज्यांना फुकट द्यायला सुरुवात केली.

लस फुकट असली तरी ती घेणं फुकट नसतं. जूनमध्ये औशाच्या शिवारात सोयाबीनच्या पेरण्या चालू असतात. केंद्रावर जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर त्या दिवसाचीही बुडणार. त्यात कोव्हिशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस, आणि झाकण उघडलं की चार तासांत संपवायची. दुपारी तीनच माणसं उरली तर सिस्टर बाटली फोडायला कचरायच्या, कारण लस वाया गेल्याचा हिशेब वर मागितला जायचा. जूनच्या नव्या धोरणात तर जास्त वाया घालवणाऱ्या राज्याचा वाटा कमी होईल असंच लिहिलं होतं. ‘उद्या या’ हे दोन शब्द ऐकून परतलेली मजूर बाई पुन्हा आली नाही, तर तिला लस नको होती असं म्हणता येईल का?

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. पहिला डोस गावात, पुढे बारा आठवड्यांचं अंतर, आणि तोवर दसरा-दिवाळी होऊन टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पोहोचलेली. दुसरा डोस देशात कुठेही घेता येत होता, हे खरं. पण फडात पहाटे कोयता हातात घेणाऱ्या जोडप्याला ते सांगणार कोण, आणि नेणार कोण?

‘खेड्यातले लोक अडाणी, म्हणून लस घेत नाहीत’

शिकलेल्या माणसांच्या तोंडी हे फार सहज येतं. गरोदर आणि स्तनदा बायकांना जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं होतं की ही लस तुमच्यासाठी नाही. स्तनदा मातांना परवानगी मिळाली १९ मे रोजी, गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी. चाचण्यांत त्यांचा समावेश नव्हता, म्हणून आधीची सावधगिरी चुकीची नव्हती. पण सहा महिन्यांपूर्वी ‘घेऊ नको’ म्हणणारी यंत्रणा आता ‘घे’ म्हणते, तर बाई थबकणारच. तिनं प्रश्न विचारला, याला अडाणीपणा म्हणू नये.

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यानं ‘मिशन कवचकुंडल’ आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रानं ‘हर घर दस्तक’ सुरू केलं. आशाताई, अंगणवाडीताई आणि सिस्टर दारात गेल्या, ओळखीच्या चेहऱ्यानं बोलल्या, आणि राहून गेलेल्या पुष्कळ लोकांनी हात पुढे केला. त्याच आशांना १५ जून २०२१ पासून संपावर जावं लागलं होतं, राज्यातल्या सुमारे ७० हजार जणींना. आठवड्याभरानं पदरात पडली महिना हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. तो गौरव आणि तो मोबदला शेजारी ठेवून पाहिले तर लाज वाटते.

‘लस जितकी थंड, तितकी चांगली’

हा छोटा वाटणारा समज धोकादायक आहे. कोव्हिशिल्ड काय किंवा कोव्हॅक्सिन काय, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची. बालकांची पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, धनुर्वाताची टीडी या लशी गोठल्या तर निकामी होतात, आणि वितळल्यावर वरवर पाहून ते कळत नाही. म्हणून आरोग्य केंद्रात घरगुती फ्रीज चालत नाही, तिथे आयएलआर, म्हणजे भिंतींत बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज लागतो. लोडशेडिंगमध्ये वीज गेली तरी त्याच्या भिंतीतला गारवा काही तास तापमान धरून ठेवतो. सत्राला निघताना आईसपॅक फ्रीझरमधून काढून त्यावर पाणी सुटेपर्यंत थांबतात आणि मगच कॅरियरमध्ये भरतात. मराठवाड्याच्या ४२ अंशांच्या उन्हात ही थांबण्याची शिस्त पाळणारी सिस्टर पुण्यातल्या शास्त्रज्ञाइतकीच लशीला वाचवते.

‘तरण्याबांड पोराला अटॅक आला, तो लशीमुळेच’

हा समज अजून ताजा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आयसीएमआरच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेनं देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, वरवर निरोगी माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. लशीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या घरात आधी झालेला असा मृत्यू, कोरोनासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागणं, मृत्यूच्या आदल्या एक-दोन दिवसांत अति मद्यपान किंवा अति श्रम.

पण लस शंभर टक्के निर्धोक होती, असं सांगणंही खोटं ठरेल. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनं (आपल्याकडची कोव्हिशिल्ड तीच) फार क्वचित रक्तात गुठळ्या होण्याचा गंभीर त्रास होतो. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसाच्या लाखामागे एक-दोन जणांना तो झाला, आणि तिथे तरुणांना वेगळी लस देण्याचा सल्ला एप्रिल २०२१ मध्येच दिला गेला. ही माहिती आपल्याकडे वेळेवर, सोप्या मराठीत गावागावांत दिली असती, तर २०२४ मध्ये कंपनीनं ब्रिटनच्या न्यायालयात हा दुर्मीळ धोका मान्य केल्याची बातमी आली तेव्हा लोकांना फसवल्यासारखं वाटलं नसतं.

शेवटचा समज नव्या कराराबद्दल. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेनं महासाथ करार स्वीकारला, तेव्हा ‘आता जिनिव्हावाले आपल्यावर लॉकडाउन लादणार’ असे संदेश मोबाइलवर फिरले. करारात नेमकं उलट लिहिलेलं आहे. लॉकडाउन, प्रवासबंदी किंवा लससक्ती लादण्याचा कोणताही अधिकार संघटनेला नाही. त्यातलं कामाचं कलम वेगळंच आहे. महासाथीत सहभागी उत्पादकांनी आपल्या उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंतचा वाटा संघटनेकडे द्यायचा, त्यात किमान १० टक्के फुकट आणि बाकीचा परवडणाऱ्या दरानं. त्या बदल्यात देशांनी नव्या रोगजंतूंचे नमुने आणि माहिती लवकर द्यायची. मामलासारख्या खेड्यानं खबर द्यावी आणि मोबदल्यात त्याला लस मिळावी, असा हा व्यवहार आहे. करार स्वीकारला तेव्हा त्याच्या अटी एका वेगळ्या परिशिष्टात ठरायच्या बाकी होत्या. त्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही, आणि ६० देशांनी मंजुरी दिल्याशिवाय लागू होत नाही.

तिकडचं तिकडे ठरेल. इकडे औसा तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत तीन प्रश्न आजही विचारता येतात. आपल्या केंद्रातला आयएलआर चालू आहे का आणि वीज गेल्यावर सोय काय? लसीकरणाचा दिवस मजुरांच्या सोयीनं, बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवता येईल का? आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या लेकरांच्या राहिलेल्या डोसांची यादी टोळी निघण्याआधी आशाताईंच्या हातात आहे का? पुढच्या ग्रामसभेला जा आणि हे विचारा.