सामायिक फोल्डर रुसते तेव्हा...

जाम (जि. वर्धा) : नागपूरहून हैदराबादकडे निघालेल्या राष्ट्रीय महामार्गाला जेथे चंद्रपूरचा फाटा फुटतो, ते समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव प्रवाशांना चौकामुळे परिचित आहे. महामार्गावरच्या अशा गावांत वजनकाटा, जिनिंग किंवा कृषी केंद्राच्या कार्यालयात दोन-तीन संगणक एकमेकांना जोडलेले असतात. काट्याची पावती एका संगणकावर निघते, हिशेब दुसऱ्यावर होतो आणि दोहोंची माहिती एकाच सामायिक फोल्डरमध्ये साठते. वीज जाऊन परत येते, संगणक सुरू होतात, पण ते फोल्डर काही उघडत नाही. ऐन हंगामात बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असेल, तर हा खोळंबा चांगलाच महागात पडतो.

अशा वेळी ‘विंडोज नव्याने टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्याला दिसावे, यासाठी पडद्यामागे एक सेवा सतत चालू असावी लागते. विंडोजमध्ये तिचे नाव ‘सर्व्हर’ असे आहे. लिनक्सवर हेच काम ‘साम्बा’ करते. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये साम्बाचा पाया घातला. त्यामुळे सेवाच सुरू झालेली नाही, की ती सुरू आहे पण तिच्यापर्यंतची वाट अडली आहे, याचा निवाडा प्रथम करावा. दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

विंडोजमधील ‘सर्व्हिसेस’ची यादी उघडून ‘सर्व्हर’समोर ‘रनिंग’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. नसल्यास ‘स्टार्टअप टाइप’ तपासावा. कोणी तो ‘डिसेबल्ड’ करून ठेवला असेल, तर सेवा कितीही वेळा चालवली तरी उठणार नाही. १०६८ क्रमांकाची त्रुटी दिसली, तर दोष ‘सर्व्हर’चा नसून ती ज्यावर विसंबून आहे त्या दुसऱ्या सेवेचा असतो. त्या सेवांची नावे ‘डिपेन्डन्सीज’ या पानावर मिळतात. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ७००० आणि ७००१ या क्रमांकांच्या नोंदीही अवश्य वाचाव्यात, कारण नेमके कोण अडले हे ७००१ची नोंद नावानिशी सांगते. या नोंदी वाचण्याचा आळस हेच अर्धे दुखणे असते.

साम्बाच्या बाबतीत मांडणीच्या फाइलमधील एखादी चुकीची ओळ पुरेशी ठरते. ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा ती दाखवून देते. डिस्क काठोकाठ भरलेली असणे, किंवा ४४५ क्रमांकाचे पोर्ट आधीच दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेले असणे, हीदेखील कारणे आढळतात.

वीज परतल्यानंतरची अडचण मात्र वेगळी आहे. संगणक आणि राउटर एकाच वेळी जागे होतात, पण राउटरला तयार व्हायला उशीर लागला तर संगणकाला पत्ता मिळत नाही. साम्बा ठरावीक पत्त्यालाच बांधलेले असेल, तर ते अशा वेळी सुरूच होत नाही. विंडोजचा संगणक स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतो आणि इतरांना सापडेनासा होतो. राउटर स्थिरावल्यावर सेवा पुन्हा सुरू केली की काम भागते. कायमचा उपाय म्हणजे मुख्य संगणकाला स्थिर पत्ता देणे आणि राउटरलाही यूपीएसवर घेणे. संगणकाला यूपीएस आणि राउटर थेट भिंतीच्या प्लगवर, ही आपल्याकडची नेहमीची व्यवस्था आहे!

सेवा चालू असूनही फोल्डर दिसत नसेल, तर नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवले गेले आहे का, ते पाहावे. फायरवॉल पूर्ण बंद करण्याऐवजी त्यात फाइल शेअरिंगला तेवढी परवानगी द्यावी.

याहून घातक सल्ला म्हणजे ‘एसएमबी-१’ पुन्हा चालू करण्याचा. फाइल देवाणघेवाणीची ही जुनी पद्धत. तिच्यातील छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिली होती. तरीही मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला आणि २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालवले जाणारे एक टर्मिनल ठप्प केले. त्या हल्ल्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता. एकदा आत शिरल्यावर संगणकांमागून संगणक गाठण्यासाठी त्याने याच वाटेचा, तसेच चोरलेल्या पासवर्डचा वापर केला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या प्रतींमध्ये ही पद्धत मुळातच बसवलेली नसते.

विंडोज ११च्या २०२४ मधील आवृत्तीने नियम आणखी कडक केले. ‘प्रो’ संचात पासवर्डविना पाहुणा म्हणून प्रवेश मिळत नाही. जुन्या डिस्क-पेटीतील फोल्डर अचानक दिसेनासे होण्यामागे अनेकदा हेच कारण असते. अशा पेटीवर स्वतंत्र वापरकर्ता व पासवर्ड तयार करून तिचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. निर्मात्याने अद्ययावतीकरणच थांबवले असेल, तर आतील फाइली दुसरीकडे उतरवून घेऊन ती पेटी नेटवर्कपासून अलग करावी.