हट्टी मूल आणि वर्तनविकार

दुकानात लोळण घेणारं चार वर्षांचं मूल किंवा दार आपटून खोलीत जाणारी चौदा वर्षांची मुलगी दिसली, की दोन निदानं लगेच कानावर येतात: ‘लाडावलंय’ किंवा ‘काहीतरी डिसऑर्डर असणार’. बहुतेक वेळा दोन्ही घाईची असतात.

ओडीडी (मोठ्यांना सतत विरोध करण्याचा वर्तनविकार) एका प्रसंगावरून ठरत नाही. जिना चढून आल्याआल्या मोजलेल्या रक्तदाबावरून कोणी कायमची गोळी लिहून देत नाही, तसंच हे. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली, २०१३) नुसार चिडणं, वाद घालणं, सूड उगवणं अशा ८ पैकी किमान ४ लक्षणं निदान ६ महिने वारंवार दिसावी लागतात. नुसती भावंडांशी होणारी भांडणं त्यात धरत नाहीत. कंडक्ट डिसऑर्डर (इतरांचे हक्क पायदळी तुडवणारं सततचं वागणं) याहून गंभीर: मारहाण, चोरी, प्राण्यांचा छळ.

एडीएचडी (अवधान न टिकणं आणि अतिचंचलता), कमी ऐकू येणं किंवा घरातली मारझोड यांमुळेही मूल असं वागू शकतं. म्हणून शाळेकडेही चौकशी होते.

‘चार फटके दिले की सरळ होईल’ हा समज चुकीचा आहे. माराने आक्रमकपणा वाढण्याचीच शक्यता असते. लहान मुलांत पहिला उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी घडवलेल्या एका पद्धतीत आई मुलाशी खेळते आणि काचेपलीकडून थेरपिस्ट तिच्या कानातल्या यंत्रातून सुचवत राहतो: नुसतं ‘शहाणा’ नको, ‘ठोकळे डब्यात ठेवलेस, छान!’ म्हणा. किशोरांना राग आवरण्याचं आणि अडचण सोडवण्याचं कौशल्य शिकवतात. औषधं मुख्यतः सोबत एडीएचडी असेल किंवा आक्रमकता तीव्र असेल तेव्हाच देतात.