पायवाटेवरचा छोटा पोकलेन

मुलांनो, गावात रस्त्याचं काम निघालं की सगळ्यांत आधी कोण येतं? ‘जेसीबी!’ अगदी बरोबर. आणि तो आला की निम्मा वर्ग उशिरा येतो, हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे! जेसीबी ही एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं, बरं का. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमध्ये आपला कारखाना काढला. चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्राला आपण पोकलेन म्हणतो. तेही एका फ्रेंच कंपनीचंच नाव.

आता असा पोकलेन डोळ्यांसमोर आणा, जो तुमच्या वर्गाच्या दारातून सरळ आत येईल. थट्टा नाही! असे पोकलेन खरोखरच आहेत, आणि इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या पायवाटा नीट ठेवायला ते वापरतात.

तिथे नैर्ऋत्येला माइनहेडपासून पूल या गावापर्यंत समुद्राला बिलगून जाणारी एक पायवाट आहे. लांबी १,०१४ किलोमीटर! मुंबईहून नागपूरला रस्त्याने गेलात तरी एवढं अंतर होत नाही. सगळे चढ मोजले तर ते सुमारे ३५,००० मीटर भरतात, म्हणजे जवळजवळ चार एव्हरेस्ट. ही वाट एवढी कड्याच्या टोकावरून का जाते? कारण पूर्वी तिच्यावरून किनारारक्षक गस्त घालत. चोरून माल उतरवणारे कुठल्या घळीत लपलेत, ते वरून वाकून पाहायचं, तर कडेनेच चालायला हवं ना! आज तिथे चोर नाहीत, पण पर्यटक पुष्कळ. त्यांच्या पायांना पावसाची साथ मिळते, आणि वाट बिघडते.

कशी बिघडते, ते शाळेच्या मैदानावर पाहा. पावसाळ्यात मधोमध एक डबकं साचतं. पहिला मुलगा बूट भिजू नयेत म्हणून बाजूने जातो. मग दुसरा, तिसरा. चार दिवसांत तिथलं गवत मरतं, तिथेही चिखल होतो, आणि डबकं दुप्पट होतं. कड्यावरच्या वाटेचं अगदी असंच होतं. हातभर वाट पाच हात रुंद होते, गवताची मुळं सुटतात, माती पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून दुरुस्ती म्हणजे मुख्यतः पाण्याला वाट करून देणं. चर खणायचे, आडव्या मोऱ्या काढायच्या, खोलगट जागी खडी भरायची. पण एवढी खडी तिथे न्यायची कशी? ट्रक सोडाच, जीपसुद्धा जात नाही.

इथे आपला छोटा पोकलेन येतो. वजन साधारण एक टन. काम करताना दोन्ही पट्टे मीटरभर फाकवून तो घट्ट उभा राहतो. अरुंद जागा आली की पट्टे आत ओढून घेतो, आणि रुंदी उरते सुमारे ७० सेंटीमीटर! त्याच्या जोडीला पट्ट्यांवर चालणारी ढकलगाडी असते. माणूस मागून चालत तिला हाकतो. अर्धा टन खडी ती एका खेपेत नेते. घमेल्यात वीस-पंचवीस किलो मावतात, तेव्हा घमेली किती झाली, ते तुम्हीच काढा.

‘पण सर, एक टन वजन! ते वाटेची वाटच लावेल की!’ वर्गात हा प्रश्न एका मुलीने विचारला, आणि मला तो फार आवडला. आम्ही फळ्यावरच हिशेब मांडला. एकेक पट्टा २० सेंटीमीटर रुंद, आणि १०० सेंटीमीटर जमिनीला टेकलेला धरा. दोन पट्ट्यांचं क्षेत्रफळ ४,००० चौरस सेंटीमीटर. १,००० किलोला ४,००० ने भागलं, की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पाव किलो. आता ६० किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो. तळवा २०० चौरस सेंटीमीटर धरला तर दाब ०.३ किलो. म्हणजे पोकलेनपेक्षा माणूसच जड पडला! वर्गात जो गोंधळ झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

ही युक्ती जुनीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे ट्रॅक्टर रुतून बसत. १९०४ साली बेंजामिन होल्ट यांनी चाकं काढून लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवले. तो ट्रॅक्टर चालताना दिसायचा अगदी सुरवंटासारखा, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव पडलं ‘कॅटरपिलर’.

तरी पट्ट्यांत एक खोड आहे. एका जागी गर्रकन वळलं, की ते गवत सोलून काढतात. म्हणून चालक वरचा भाग फिरवतो, पट्टे शक्यतो सरळच ठेवतो. नाजूक जागी फळ्या अंथरतो. आणि कड्याच्या टोकाशी तर यंत्र न्यायचंच नाही, खालची माती पोकळ असली तर? तिथे, तसंच उभ्या पायऱ्यांवर, आजही पहार, फावडं आणि माणसाचे हातच. मला विचाराल तर ते काम जास्त कौशल्याचं आहे.

काही वेळा मात्र दुरुस्तीच होत नाही, कारण वाटच उरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये डॉर्सेटमधल्या सीटाउनजवळ कड्याचा भलामोठा भाग समुद्रकिनाऱ्यावर कोसळला. अशा ठिकाणी कुंपण मागे घ्यायचं, आणि आतल्या शेतातून नवी वाट आखायची. इंग्लंडमध्ये २००९ साली झालेल्या कायद्यात तर कडा मागे हटला की वाटही मागे सरकवण्याची सोयच ठेवली आहे. मग त्या शेतकऱ्याशी बोलणं आलं, मोजणी आली, नवं फाटक आलं. आणि पुन्हा तोच छोटा पोकलेन, पुन्हा चर.

आता तुमचा गृहपाठ. आलेखाच्या कागदावर उभे राहा, आईला किंवा बाबांना पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. सेंटीमीटरचे चौकोन मोजा. आपल्या वजनाला त्या आकड्याने भागा. मग आई-बाबांचंही करा. पोकलेनच्या पाव किलोपेक्षा घरात कोण कोण जड निघालं? आणि हो, एका पायावर की दोन्ही पायांवर, तेही लिहा.